कातडी सात वितींची

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी अमेरिकेतल्या होडेनोशोनी या आदिवासी लोकांचा ओझरता उल्लेख केला होता. एकमेकांच्या जिवावर उठलेली पाच राष्ट्रं एका छपराखाली आली आणि टिकली, एवढंच लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, ज्या इमारतीत पाय ठेवावा तिथे सध्या दोन गट आहेत, त्याचा हा परिणाम असावा. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते तेव्हा हा विषय पुस्तकात दीड पान होता आणि मुलं तो बिनदिक्कत ऑप्शनला टाकत. निवृत्तीनंतर त्यालाच मागणी आली, याची गंमत वाटते. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही. राहिलेल्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मॅडम, वाशीतल्या सिडकोने बांधलेल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. पुनर्विकासावरून दोन तट पडलेत. एकांना बिल्डर हवा, दुसऱ्यांना आधी दुरुस्ती. दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले, सत्यनारायण दोन झाले, यंदा गणपतीच्या आरतीच्याही दोन वेळा होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक आडमुठे काका प्रत्येक सभा उधळतात. ती पाच राष्ट्रं एकत्र आली म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? आमच्यासारख्यांना त्यातून घेण्यासारखं काही आहे का?
– एक सेक्रेटरी, वाशी

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात आडमुठे काका चार वेळा आले आणि बिल्डर एकदाच. तेव्हा काकांपासूनच सुरुवात करू.

आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात मोहॉक, ओनायडा, ऑनोन्डागा, कायुगा आणि सेनेका अशी पाच राष्ट्रं पूर्वेकडून पश्चिमेकडे ओळीने राहत. भाषा एकमेकींच्या जवळच्या, रीतिरिवाज सारखे, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या सूड चालू. तुझ्या माणसाने माझा मारला, आता मी तुझा मारतो. हा सूड थांबल्याची गोष्ट ते लोक आजही तोंडी सांगतात आणि पूर्ण सांगायला काही दिवस लागतात. मी दोन परिच्छेदांत उरकते आहे.

उत्तरेकडून, ह्यूरॉन लोकांतून, एक माणूस शांततेचा निरोप घेऊन आला. त्याचं नाव ते उठसूट उच्चारत नाहीत, नुसतं शांतिदूत म्हणतात. त्याला हायवाथाची साथ मिळाली. आणि दोघांच्या वाटेत आडवा उभा होता तादोदाहो, ऑनोन्डागांचा प्रमुख. त्याच्या केसांत साप वळवळत, अंगाला सात ठिकाणी बाक. बाकीची चार राष्ट्रं हो म्हणाली तरी हा एकटा नाही म्हणत राहिला. हायवाथाच्या मुली एकामागून एक गेल्या, त्याचा दोषही कथेत याच्याच माथी आहे.

अशा माणसाचं काय करायचं? चार राष्ट्रांचं बळ जमलं होतं, त्याला संपवणं अवघड नव्हतं. पण शांतिदूत आणि हायवाथा त्याच्यापुढे गेले, शांततेचं गाणं म्हटलं, अंगावरून हात फिरवून बाक सरळ केले आणि केसांतले साप विंचरून काढले. मग संघाच्या अग्नीची, म्हणजे ज्याच्याभोवती सभा बसते त्या अग्नीची, राखण त्यालाच दिली. सभा भरायची ती त्याच्या गावी, ऑनोन्डागात. ५० प्रमुखांच्या सभेत ऑनोन्डागांना १४ जागा, कायुगांना १०, मोहॉक आणि ओनायडांना ९-९, सेनेकांना ८. तादोदाहो हे पद आजही चालू आहे.

तुम्ही सेक्रेटरी, लगेच आकडेमोड केली असेल की सगळ्यांत अडेलतट्टू माणसाच्या गटाला सगळ्यांत जास्त जागा कशा? पण तिथे मतदानच नाही, त्यामुळे १४ काय नि ८ काय, वजन तेवढंच. विषय ऑनोन्डागांकडून येतो. मोहॉक आणि सेनेका हे थोरले भाऊ, ते आपसात बोलून एक मत ठरवतात. मग तो विषय अग्नीच्या पलीकडे बसलेल्या धाकट्या भावांकडे, म्हणजे ओनायडा-कायुगांकडे, जातो. त्यांचंही जमलं तर ऑनोन्डागा शिक्कामोर्तब करतात. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून फेरी. तादोदाहोला मान मिळाला, जबाबदारी मिळाली, पण एकट्याने काही ठरवायची सोय राहिली नाही.

तुमच्या जागी मी असते तर पुढच्या विशेष सभेत काकांनाच मांडणी करायला सांगितलं असतं. पीएमसीचा, म्हणजे प्रकल्प सल्लागाराचा, फिजिबिलिटी रिपोर्ट, कोणता बिल्डर किती कार्पेट एरिया देतो, वर रोख कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, दुरुस्तीचं एस्टिमेट काय, हे सगळं त्यांनी सभेला वाचून दाखवायचं, स्वतःचं मत मात्र त्या दिवशी सांगायचं नाही. ते साफ नकार देतील हेही शक्य आहे. तरी विचारून बघा, कारण तुमच्या पत्रावरून त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं दिसत नाही.

पण याच्या आधी एक पायरी आहे आणि सगळी मेख तिथेच आहे असं माझं मत.

मुली गेल्यावर हायवाथा घरदार सोडून रानात निघून गेला. वाटेत मणी ओवून त्याने माळा केल्या आणि दोन बेचक्यांवर आडवी काठी टाकून तिच्यावर टांगल्या. स्वतःशीच म्हणत राहिला की माझ्यासारखा दुःखात बुडालेला कुणी दिसला तर या माळा हातात घेऊन मी त्याचं सांत्वन करीन. त्याच्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. शेवटी आला तो शांतिदूत. त्याने त्याच माळा उचलल्या आणि हायवाथाचे शब्द हायवाथालाच ऐकवले. एका माळेला, मऊ हरणाच्या कातड्याने तुझे डोळे पुसतो, म्हणजे तुला नीट दिसेल. दुसरीला, तुझ्या कानांतला अडसर काढतो, म्हणजे ऐकू येईल. तिसरीला, घशात अडकलेलं मोकळं करतो, म्हणजे बोलता येईल. संघाची बोलणी सुरू झाली ती त्यानंतर.

पुढे हा संघाचा रिवाजच झाला. एखादा प्रमुख वारला की ज्या बाजूला दुःख नाही ती बाजू ५० नावं गात दुःखाच्या गावाकडे चालत निघते. थेट गावात शिरत नाहीत. रान संपतं तिथे अग्नी पेटवलेला असतो, तिथे थांबायचं. पायांत रुतलेले काटे काढले, डोळे, कान, घसा यांचे शब्द बोलले गेले, की मग हाताला धरून आत नेतात. पुढे इंग्रज आणि फ्रेंच अधिकारी कराराला येत तेव्हा त्यांनाही हे करावं लागे. त्यांना असायची घाई आणि इकडे अजून डोळे पुसणंच चाललेलं!

आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीतही दोन गट आहेत, त्यामुळे मी हे फार लांबून बोलत नाही. मागे विरोधी गटातल्या एका गृहस्थांची पत्नी गेली. आमचे चेअरमन खाली पार्किंगमध्ये चपला घालून उभे, समाचाराला वर जावं की नाही ठरेना, कारण दोघांनी एकमेकांविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रारी टाकलेल्या. शेवटी चेअरमनच्या बायकोने स्टीलच्या डब्यात पिठलं-भात घेतला आणि ती सरळ जिना चढली. मागोमाग हेही. वर काय बोलणं झालं मला माहीत नाही. तक्रारी कुणीच मागे घेतल्या नाहीत. पण त्यानंतरच्या सभेत 'तुमच्यासारखी माणसं' हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. तुमच्या काकांना नव्या इमारतीची भीती वाटते, की घर रिकामं केलं तर परत मिळेल का याची, की ज्या घरात कुणी गेलं ते घर पाडायचं याची, हे कळल्याशिवाय कार्पेट एरियाचं बोलणं पुढे सरकेल असं मला वाटत नाही.

सभेच्या सुरुवातीचंही बघा. आपल्याकडे कोरम नाही म्हणून सभा तहकूब आणि अर्ध्या तासाने तीच सभा कोरमशिवाय. त्यांच्याकडे आधी आभार मानले जातात. माणसं, धरणीमाता, पाणी, मासे, पिकं, औषधी वनस्पती, प्राणी, झाडं, पक्षी, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे, असं एकेक घेत जातात आणि प्रत्येक टप्प्याला 'आता आमची मनं एक झाली' असं म्हणतात. वादाचा विषय येईतो डझनभर गोष्टींवर एकमत होऊन गेलेलं असतं. तुमच्याकडे गळकी टाकी, पाणी सोडायची वेळ आणि वॉचमनचा पगार एवढ्यावर तरी होईलच.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये या सभांबद्दल लिहिलं आहे की बोलणारा खाली बसला तरी लगेच कुणी तोंड उघडत नाही. त्याचं काही राहिलं असेल तर आठवावं म्हणून पाच-सहा मिनिटं गप्प बसतात. महत्त्वाच्या प्रस्तावाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देताना समोरच्याचे मुद्दे आधी आपण बोलून दाखवायचे, हीही पद्धत. पाच मिनिटं शांतता आपल्या सभेत अशक्य आहे, मी मान्य करते. पण समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, एवढा एक नियम सूचनापत्रात घालता येतो. कायद्याला पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. उरलेले त्याच जिन्याने वर जातात, त्यांचं काय करायचं याबद्दल कायदा काही सांगत नाही.

आता खास तुमच्यासाठी. नव्या प्रमुखाला बजावतात की तुझी कातडी सात वितींची जाड असू दे, लोकांचा राग आणि टोमणे आत शिरता कामा नयेत. कुठल्या तारखेच्या कुठल्या मेसेजने तुमची झोप उडाली हे तुम्ही मला वेळेसकट कळवलं आहे. तो मेसेज डिलीट करा.

प्रश्न : फ्लॅट यांच्या नावावर म्हणून सभेत मला बोलू देत नाहीत. तुमच्या त्या लोकांत बायकांना काही स्थान होतं, की तिथेही सगळे पुरुषच?
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, आधी व्यवहाराचं. सहयोगी सभासद होण्यासाठी यांच्या शिफारशीने अर्ज द्या. मग यांच्या लेखी संमतीने त्यांचे हक्क तुम्हाला बजावता येतात. सोसायटी अर्ज तोंडी नाकारत असेल तर नकार लेखी मागा. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच सूर बदलतो.

आता तिकडचं. होडेनोशोनी म्हणजे लांब घराचे लोक. एल्मच्या सालींची ती घरं २०० फुटांपर्यंतही लांब असत. मधून बोळ, बोळात ओळीने चुली, आणि प्रत्येक चुलीवर समोरासमोरच्या दोन कुटुंबांचा स्वयंपाक. घर आईच्या कुळाचं. मूलही आईच्याच कुळाचं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येणार. मका, घेवडा, भोपळ्याची शेती बायकांच्या ताब्यात, म्हणजे धान्याचं कोठारही त्यांच्याच हाती. लढाईला निघणाऱ्याला शिदोरी द्यायची की नाही इथपर्यंत त्यांचं चाले.

त्या ५० जागांवर बसत पुरुषच. पण कोणी बसायचं हे कुळाची थोरली बाई ठरवते. तो वाकडा वागला तर ती त्याला समज देते, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तरी ऐकलं नाही तर त्याच्या डोक्यावरची हरणाची शिंगं, म्हणजे पदाची खूण, काढून घेते. निवडून दिलेल्याला पाच वर्षं झेलत बसायची पद्धत तिथे नाही. ही सत्ता बायकांकडे का, याचीही गोष्ट आहे. जिगोन्सासे नावाच्या बाईचं घर लढाईच्या वाटेवर होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बाजूंच्या योद्ध्यांना ती जेवू घाली. शांतिदूताचं म्हणणं सगळ्यांत आधी पटलं ते तिला, म्हणून मान तिच्याकडे आला. मला स्वतःला या गोष्टीत आणखी एक दिसतं. कोण कुणावर कशासाठी चालून जातंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसणार!

ऑनोन्डागांच्या गावांपासून जवळच राहणारी मटिल्डा जोसलिन गेज ही अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराची मोठी कार्यकर्ती. तिने हे सगळं बघून लिहून ठेवलं, आणि १८९३ मध्ये मोहॉकांच्या लांडगा कुळाने तिला आपल्यात घेतलं. तिला स्वतःच्या देशात तेव्हा राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नव्हतं. उलटही घडलं आहे. १८४८ मध्ये सेनेकांच्या एका मोठ्या भागाने वंशपरंपरेचे प्रमुख काढून निवडणुकीचं सरकार आणलं. नवी, आधुनिक पद्धत. आणि तिच्यात बायकांना मत मिळायला १९६४ साल उजाडावं लागलं. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलींच्या बाकांवर एकदम चुळबुळ सुरू व्हायची.

प्रश्न : एवढं सगळं गोड होतं तर अमेरिकन क्रांतीच्या वेळी हेच लोक एकमेकांवर गोळ्या का झाडत होते? आदिवासींचं उदात्तीकरण करायची फॅशन झाली आहे.
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : झाडल्या. ६ ऑगस्ट १७७७, ओरिस्कनीची लढाई. ओनायडा अमेरिकनांच्या बाजूने, मोहॉक आणि सेनेका इंग्रजांच्या बाजूने, एकाच रानात. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, नाहीतर वरची उत्तरं वाचून लोक मला परीकथा सांगणारी समजले असते.

आणखीही सांगते. ही शांतता घराच्या आतली होती. बाहेरच्यांशी त्यांनी मनसोक्त युद्धं केली; १६४९ मध्ये ह्यूरॉनांची, म्हणजे ज्या लोकांतून शांतिदूत आला त्यांचीच, गावं त्यांनी उद्ध्वस्त केली. तेव्हा उदात्तीकरणाची गरज नाही. तरी आपसातला जो सूड थांबला तो पुढे शेकडो वर्षं थांबला, हे तुमच्या आक्षेपाने पुसलं जात नाही.

१७७७ ला काय झालं ते थोडं सविस्तर बघण्यासारखं आहे. १७०१ पासून संघाचं धोरण होतं की फ्रेंच आणि इंग्रज दोघांशी बोलायचं आणि कुणाच्याच खिशात जायचं नाही. १७२२ च्या सुमाराला टस्करोरा हे सहावं राष्ट्र आलं. मग फ्रेंच हरले, आणि उरलेल्या गोऱ्यांमध्येच भांडण लागलं. दोन्ही बाजूंची माणसं आधीपासून घरात शिरलेली. ओनायडांमध्ये सॅम्युएल कर्कलँड हा मिशनरी, त्याचा कल अमेरिकनांकडे. मोहॉकांमध्ये जोसेफ ब्रँट, त्याची बहीण इंग्रज अधिकारी विल्यम जॉन्सनच्या घरात. त्यातच ऑनोन्डागात साथ आली आणि काही प्रमुखही दगावले. १७७७ च्या सुरुवातीला संघाचा अग्नी झाकला गेला, म्हणजे सभाच थांबली. मेलेल्यांचं सांत्वन करून जागा भरायला शांत काळ लागतो, तो मिळाला नाही. सभेत एकमत होईना, तेव्हा प्रत्येक राष्ट्र आपापल्या वाटेने गेलं.

माझ्या मते या पद्धतीची कमजोरी इथेच आहे. तिला वेळ लागतो, आणि ज्याला तुमच्यात फूट हवी असते तो वेळच देत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर ऑफर गेली, हे तुमच्या घोडबंदरला ऐकू येत नाही काय?

किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. १७७९ मध्ये अमेरिकनांचा सेनापती वॉशिंग्टन याने पाठवलेल्या फौजेने ४० च्या आसपास गावं आणि उभा मका जाळला. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस करारात या लोकांचं नावसुद्धा नाही. इंग्रजांच्या बाजूचे बरेचसे कॅनडात ग्रँड नदीकाठी गेले आणि तिथे दुसरा अग्नी पेटला. पुढे १९२४ मध्ये कॅनडा सरकारने तिथली परंपरागत सभा बाजूला सारून निवडणुकीची परिषद बसवली, म्हणजे फुटीत आणखी फूट. हे दोन अग्नी आजही आहेत. तरी १७९४ च्या कॅनन्डाइग्वा करारात कबूल केलेलं कापड अमेरिकन सरकार अजून दरवर्षी त्यांना पाठवतं, आणि संग्रहालयात गेलेले त्यांचे करार-ठरावांची आठवण जपणारे मण्यांचे पट्टे १९८९ मध्ये ऑनोन्डागांना परत मिळाले. मोडून संपलं असतं तर परत मागायला कोण उभं राहिलं असतं?

प्रश्न : आमच्या गावात गावकी म्हणते, एकी पाहिजे. जत्रेच्या मानावरून माझ्या भावाने गावकीविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला, तेव्हापासून आम्हाला हळदीला बोलावणं नाही, मयतीला कुणी येत नाही. ही एकी का?
– ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एक वाचक (गावाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे)

उत्तर : नाही. हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हळदीच्या पंगतीतून वगळणं, मयतीला न येणं, देवळात अडवणं, यांच्या तारखा आणि कोण काय बोललं ते वहीत लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा. गावकीत एखादा तरी म्हातारा असतो ज्याला हे मनातून पटलेलं नसतं. त्याच्याकडे जाऊन या, पण वही लिहिणं थांबवू नका.

तुम्ही होडेनोशोनींबद्दल विचारलं नाहीत, पण मयतीचं वाचून राहवलं नाही. दुसऱ्या बाजूच्या मयतीला जाणं हाच त्यांच्या संघाचा पाया आहे. जी गावकी मयतीला जायला बंदी घालते तिने 'एकी' हा शब्द वापरू नये. मानाच्या भांडणापुरतं त्यांचं एक सांगते. शिकारीची रानं वाटून खायची म्हणून त्यांच्यात एक ताट आणि एक चमचा असा ठराव आहे. ताटात बीव्हर या पाणथळ प्राण्याच्या शेपटीचं मांस, सगळ्यांनी त्यातूनच खायचं, पुढच्यासाठी ठेवायचं, आणि ताटाजवळ सुरी ठेवायची नाही, कारण हात कापला तर रक्त सांडेल. ताटावर मान कुणाचा पहिला, हे त्यात कुठेच नाही. जत्रेची पालखी वर्षावर्षाने आळीआळीला फिरवा, हे सुचवून बघायला तुमच्या भावाला आता कठीण जाईल. त्या म्हाताऱ्याला सुचवता येईल.

प्रश्न : टीचर, मी अकरावीत आहे. अमेरिकेची राज्यघटना या लोकांकडून घेतली असं मी प्रोजेक्टमध्ये लिहिलंय. सर म्हणतात खोटं आहे. कोण बरोबर?
– एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : 'घेतली' हा शब्द काढ, सरांचं अर्धं भांडण मिटेल. पुढचं मात्र खुशाल लिही. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या करारसभेत ऑनोन्डागांचा वक्ता कनासाटेगो याने इंग्रज वसाहतींना सांगितलं की आमच्यासारखी एकी करा, बळ येईल. ते भाषण फ्रँकलिनने छापलं. १७५१ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की या अडाणी रानटी लोकांना संघ जमतो आणि दहा-बारा इंग्रज वसाहतींना जमत नाही, हे अजब आहे. (रानटी हा त्याचा शब्द, तू अवतरणात टाक.) १७५४ मध्ये त्याने ऑल्बनीला वसाहतींच्या संघाची योजना मांडली. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून होडेनोशोनींचं ऋण मान्य केलं. इतिहासकारांत यावर वाद आहे, तोही लिही. आणि कुळाच्या थोरल्या बायका आणि एकमताचा आग्रह या दोन गोष्टी अमेरिकनांनी मुळीच उचलल्या नाहीत, हे तर नक्की लिही.

मुखपृष्ठाला हायवाथा पट्टा, म्हणजे त्यांच्या संघाची खूण असलेला मण्यांचा पट्टा, काढ. जांभळ्या मण्यांवर मधे पांढरं झाड, ते ऑनोन्डागा. दोन्ही बाजूंना दोन-दोन पांढरे चौकोन, बाकीची चार राष्ट्रं. सगळी एका पांढऱ्या रेषेने जोडलेली. ही रेषा शेवटच्या चौकोनाशी थांबवू नकोस, दोन्हीकडे कडेपर्यंत ने. बाहेरच्या कुणाला आत यायचं असेल तर ती वाट आहे, टस्करोरांनाही घरात असंच घेतलं. रंग पोस्टर कलरने दे, स्केचपेनचा जांभळा झेरॉक्समध्ये काळा येतो.